पावती दिली, पैसे आले नाहीत

पत्र, थोडक्यात: मी रत्नागिरी शहरालगतच्या एका वाडीत सात वर्षांपासून घरीच पाळणाघर चालवते. सध्या नऊ मुले आहेत. सात दिवसभराची, प्रत्येकी महिना ३,५०० रुपये, आणि दोन अर्ध्या दिवसाची, प्रत्येकी २,००० रुपये. मदतीला एक मावशी येतात, त्यांना महिना ५,००० देते. मार्चअखेर तीन घरांकडे मिळून ३१,५०० रुपये थकले आहेत. एक कुटुंब मासेमारीवर जगणारे, त्यांचे जून ते ऑगस्टचे १०,५०० राहिले. दुसरे जोडपे नोकरदार. जानेवारीत त्यांनी ऑफिसात द्यायची म्हणून पूर्ण वर्षाची ४२,००० रुपयांची पावती मागितली, मी भिडेखातर दिली. डिसेंबर ते मार्चचे १४,००० आलेच नाहीत, आणि विचारले तर ‘तुमची पावती आहे की माझ्याकडे’ असे उत्तर मिळते. तिसऱ्या पालकांनी फेब्रुवारी-मार्चचा ७,००० चा चेक दिला, तो १० एप्रिलला बँकेतून परत आला. बहुतेक पैसे यजमानांच्या मोबाइलवर यूपीआयने येतात, काही रोख. पडवीचे छप्पर बदलण्यासाठी कर्ज हवे आहे, तर बँक आयकर विवरणपत्र मागते. यजमान म्हणतात, आपल्याला टॅक्सच बसत नाही तर भरायचे कशाला? न मिळालेल्या पैशांवर मला कर द्यावा लागेल का? आणि एकाच वाडीत राहून वसुली करायची कशी? कोर्टाची पायरी चढायला मन धजत नाही.

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातील बाकीचे प्रश्न चार दिवस थांबतील, परत आलेला चेक मात्र थांबणार नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. चेक न वटल्याचा मेमो बँकेकडून तुमच्या हाती १० एप्रिलला आला. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे तेव्हापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. हा हिशेब १० मेपर्यंत येतो आणि १० मे रविवार आहे, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर न जाता हे वाचाल त्याच दिवशी कागद काढा. नोटीस वकिलांनीच दिली पाहिजे असे नाही, परंतु चेकचा क्रमांक, तारीख, बँक, रक्कम आणि परत येण्याचे कारण तीत अचूक हवे आणि ‘ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ७,००० रुपये द्यावेत’ अशी स्पष्ट मागणी हवी. याच नोटिशीत इतर काही येणे घुसवू नका, मागणी चेकच्या रकमेचीच असू द्या. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती आणि नोटिशीची प्रत मेमोसोबत टाचून ठेवा. पंधरा दिवसांत पैसे आले तर विषय संपला. नाही आले, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार करता येते. माझ्या अनुभवात बहुतेक घरे नोटिशीच्या पाकिटानेच जागी होतात, तेव्हा ते पाठवण्याआधी त्या पालकांना एकदा फोन करून सांगितलेत तर वाडीतला शब्दही राहील. मात्र फोनवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे उत्तर आले म्हणून नोटीस थांबवू नका, कारण मुदत आपल्या ओळखीपाळखीने वाढत नसते.

आता ज्या पावतीने तुम्हाला झोप लागत नाही, तिच्याविषयी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पावती-पुस्तकाचे स्थळप्रत असलेले पान दिसते: कार्बनची निळी अक्षरे, ‘एप्रिल ते मार्च, रु. ४२,०००, मिळाले’, आणि खाली तुमची सही. ‘मिळाले’ हा एक शब्द तुम्हाला १४,००० रुपयांना पडू पाहत आहे. शुल्क मागण्याचा कागद वेगळा आणि पैसे मिळाल्याचा कागद वेगळा, हे आपल्याकडे दुकानदाराला कळते, पण घरातून काम करणाऱ्या बायकांना कुणी सांगत नाही. पालकांना ऑफिसात दाखवायला कागद हवा असेल तर ‘देयक’ द्यावे, म्हणजे अमुक महिन्यांचे अमुक शुल्क येणे आहे असे मागणीपत्र. पावती फक्त हातात किंवा खात्यात पैसे पडल्यानंतर, तेवढ्याच रकमेची आणि त्याच तारखेची.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. पावती हा तुमच्या विरुद्ध जाणारा पुरावा आहे हे खरे, पण तो अखेरचा शब्द नव्हे. ती कोणत्या परिस्थितीत दिली गेली आणि पैसे प्रत्यक्षात आले नाहीत हे इतर पुराव्याने दाखवता येते. तुमच्या बाबतीत तर पावती स्वतःच बोलते आहे. जानेवारीत लिहिलेल्या पावतीत फेब्रुवारी आणि मार्च हे तेव्हा उजाडलेलेही नसलेले महिने ‘मिळाले’ म्हणून नोंदले आहेत. दुसरीकडे खात्यात त्या घरून आलेल्या ३,५०० च्या आठ नोंदी आहेत, एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे २८,०००. नववी नोंद नाही. तेव्हा त्या जोडप्याला एक साधे, तारीख घातलेले पत्र द्या: अमुक क्रमांकाची पावती आपल्या विनंतीवरून कार्यालयीन कामासाठी आगाऊ दिली होती, तिच्यापैकी २८,००० मिळाले, १४,००० येणे आहेत, सोबत आठ नोंदींचा तपशील. याची प्रत त्या स्थळप्रतीला चिकटवा. स्थळप्रत फाडू नका, तिच्यावर खाडाखोड करू नका.

त्या पावतीत आणखी एक गोम आहे. ती त्यांनी ऑफिसात कशासाठी दिली हे तुम्ही विचारले होते का? जुन्या करप्रणालीत कलम ८०सी खाली मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते, आणि तीत नर्सरी किंवा प्ले स्कूलचे शुल्कही धरले जाते, म्हणून काही पालक पाळणाघराच्या पावतीवर ‘शिकवणी शुल्क’ लिहून मागतात. पाळणाघर ही शाळा नव्हे. तुम्ही मुलांना बडबडगीते शिकवत असाल, अक्षरे गिरवून घेत असाल, तरी पावतीवर ‘पाळणाघर शुल्क’ एवढेच लिहावे. दाव्याची जबाबदारी त्यांची असली तरी सही तुमची असते. ५,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लागते, हेही ध्यानात असू द्या. दरमहा ३,५०० ची पावती दिली तर तो प्रश्नच उरत नाही.

न मिळालेल्या पैशांवर कर द्यावा लागेल का, हा तुमचा मूळ प्रश्न. आयकर कायद्याने हिशेबाच्या दोन पद्धती मान्य केल्या आहेत. एकीत पैसे प्रत्यक्ष मिळाले की ते उत्पन्न धरले जाते, तिला रोख पद्धत म्हणतात. इथे ‘रोख’ म्हणजे केवळ नोटा नव्हेत, यूपीआयने आलेलेही त्यातच. दुसरीत काम झाले आणि येणे निर्माण झाले की उत्पन्न धरले जाते, मग पैसे केव्हाही येवोत. ती व्यापारी पद्धत. तुमच्यासारख्या व्यवसायाला पहिली पद्धत सोयीची आणि सरळ आहे. तुमच्या दरांप्रमाणे वर्षाचे शुल्क ३,४२,००० होते, त्यातले ३१,५०० आले नाहीत, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षाची तुमची जमा ३,१०,५०० रुपये. राहिलेली रक्कम २०२६-२७ मध्ये आली तर ती त्या वर्षाच्या जमेत धरायची. अट एवढीच, की एकदा धरलेली पद्धत नेमाने चालवायची. एका वर्षी मिळालेले आणि दुसऱ्या वर्षी येणे असलेले, असे सोयीने बदलायचे नाही.

आता या ३,१०,५०० वर काय करायचे ते पाहू. पाळणाघराचे उत्पन्न हे धंद्याचे उत्पन्न आहे आणि छोट्या धंद्यांसाठी कलम ४४एडी मध्ये अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. त्यानुसार बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के आणि नोटांनी आलेल्या जमेच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवता येते, आणि सविस्तर हिशेबवह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. तुमच्या वहीवरून २,४०,००० यूपीआयने आणि ७०,५०० रोख आलेले दिसतात. त्याप्रमाणे १४,४०० आणि ५,६४० मिळून २०,०४० रुपये हे किमान उत्पन्न झाले. पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. कायद्यात ‘किमान’ म्हटले आहे. प्रत्यक्षात अधिक उरले असेल तर अधिक दाखवायचे असते. मावशींचे ६०,०००, दूध, खाऊ, गॅस, वीज, चादरी, खेळणी असा वर्षाचा खर्च तुम्ही साधारण १,३०,००० लिहिला आहे, म्हणजे तुमच्या हाती १,८०,५०० राहिले. हाच आकडा दाखवा. नव्या करप्रणालीत या वर्षासाठी ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, तेव्हा ठेवींचे व्याज वगैरे मिळवूनही तुम्हाला २०,०४० वर जेवढा कर लागला असता तेवढाच १,८०,५०० वर लागतो: शून्य. फरक पडतो तो बँकेच्या टेबलावर. वर्षाला वीस हजार मिळवणाऱ्या बाईला छपरासाठी कर्ज कोण देईल?

यजमानांचे म्हणणे त्यामुळे अर्धे बरोबर आहे. उत्पन्न ४ लाखांच्या आत आणि जमा ६० लाखांच्या आत असल्यामुळे, विवरणपत्र भरण्याची इतर काही सक्ती तुम्हाला लागू होत नसेल तर ते न भरणे हा गुन्हा नव्हे. पण कर बसत नाही म्हणजे कागद लागत नाही, असे नाही. आयटीआर-४, ज्याला ‘सुगम’ म्हणतात, तो फॉर्म ऑनलाइन भरता येतो. जुलैच्या आत भरून मोकळ्या व्हा. २०२५-२६ चे हे विवरणपत्र १९६१ च्याच कायद्याखाली भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून त्यात ‘कर वर्ष’ असा शब्द आला आहे, तो वाचून गोंधळू नका, तो पुढच्या वर्षाच्या कमाईसाठी. बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागत असेल तर मागची दोन वर्षे कुठून आणायची, असा प्रश्न येईल. २०२४-२५ चे उशिराचे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, आणि अद्ययावत विवरणपत्राची सोय राहिलेला कर भरण्यासाठी आहे, बँकेला दाखवायला कागद तयार करण्यासाठी नव्हे. कोणी ‘मागचे सगळे करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. यंदाच्या विवरणपत्रासोबत बँकेला खात्याचा उतारा आणि उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र दाखवा. उद्यम नोंदणी आधारवर, सरकारी पोर्टलवर, पूर्णपणे विनाशुल्क होते. जीएसटीचा विचार सध्या सोडून द्या, सेवांसाठी त्याच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे.

यात एक अडचण तुमची तुम्हीच निर्माण केलेली आहे: पैसे यजमानांच्या खात्यात जातात. कष्ट तुमचे, पाळणाघर तुमचे, म्हणून उत्पन्नही तुमचेच. ते कोणाच्या मोबाइलवर वाजले याने ते बदलत नाही. पण उद्या त्यांच्या खात्यातील दरमहाच्या सात-आठ जमांविषयी विचारणा झाली तर उत्तर त्यांना द्यावे लागेल, आणि तुमच्या विवरणपत्राला आधार देणारा उतारा मात्र त्यांच्या नावाचा असेल. चेक ज्या खात्यात भरला होता ते तुमचे बचत खाते पडून आहे म्हणता, त्यालाच तुमचा मोबाइल आणि पॅन जोडून घ्या, त्याचा क्यूआर कोड छापून पडवीत दाराशी लावा आणि पुढच्या महिन्यापासून सगळे तिथे घ्या. मागच्या वर्षासाठी यजमानांच्या पासबुकातून पाळणाघराच्या जमांची तारीखवार यादी काढून, तिच्यावर दोघांनी सह्या करून ठेवा.

मासेमारीवरच्या कुटुंबाविषयी तुम्ही फार हळुवारपणे लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि घरात पैसा येत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की मग हात सैल होतो, पण तोवर दोन-तीन महिन्यांचे शुल्क साचलेले असते आणि पाठोपाठ गणपती येतात. जिथे उत्पन्नच दहा महिन्यांचे आहे तिथे बारा महिन्यांचे हप्ते बांधणे हीच चूक आहे. वर्षाचे ४२,००० दहा हप्त्यांत विभागा: ऑगस्ट ते मे दरमहा ४,२००, जून-जुलै काही नाही. समुद्र बंद, हप्ता बंद. ही तजवीज त्या माउलीला तुम्ही स्वतः जाऊन सांगितलीत तर मागील १०,५०० ची गोष्टही निघेल. त्यासाठी एक चिठ्ठी लिहून घ्या, ‘जून ते ऑगस्ट २०२५ चे रु. १०,५०० देणे आहे, दरमहा अमुक देऊ’, खाली तारीख आणि सही. हा अविश्वास नव्हे. अशा येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मुदत संपण्यापूर्वी दिलेली सहीची कबुली ती मुदत नव्याने सुरू करते, म्हणजे चिठ्ठी असली की तुम्हालाही घाई करावी लागत नाही आणि त्यांनाही श्वास घ्यायला जागा मिळते.

नोकरदार जोडप्याला ही सवलत देण्याचे मला कारण दिसत नाही. तुमचे पत्र मिळून पंधरा-वीस दिवसांत त्यांनी काही केले नाही तर तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात असलेल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते, आणि दावा दाखल करण्यापूर्वीच हे प्रकरण ‘दाखलपूर्व’ म्हणून लोकअदालतीत ठेवता येते. त्याला कोर्ट फी नाही. समोरच्याला नोटीस जाते, दोघांना समोरासमोर बसवले जाते, आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील नसते. ते आलेच नाहीत किंवा तडजोड झाली नाही तर दाव्याचा मार्ग उरतोच. कोर्टाची पायरी चढायची नाही असे तुम्ही लिहिता. इथे पायरी आहे, पण पिंजरा नाही. मात्र तोवर त्यांचे नाव पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, मुलाला न्यायला आल्यावर दारात चारचौघांत विषय काढू नका, आणि मूल पुढे ठेवायचे नसेल तर महिनाभर आधी लेखी कळवा. त्या पोराने तुमचे काही बुडवलेले नाही.

नव्या वर्षासाठी प्रत्येक घराकडून एका पानाचा करार घ्या. त्यात शुल्काची तारीख (महिन्याची ५ तारीख ठीक), सुट्टीचा नियम आणि एक महिन्याची अनामत असावी. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात मूल आजोळी गेले की ‘आलेच नाही तर पैसे कसले’ हा वाद तुमच्याकडे दरवर्षी होत असणार. शुल्क हजेरीचे नसून जागा राखून ठेवण्याचे आहे, हे वाक्य करारात आधीच असले की वाद होत नाही, आणि फार तर वर्षातून पंधरा दिवसांची सूट तुम्ही स्वखुशीने द्या. अनामत परत करायची असल्यामुळे ती तुमचे उत्पन्न नव्हे. मात्र मूल सोडून जाताना ती थकलेल्या शुल्कात वळती केलीत तर त्या दिवशी ती जमेत येते आणि त्या दिवसाची पावती फाडायची.

शेवटी पत्राच्या समासात, बहुधा पाकीट बंद करताना, तुम्ही विचारले आहे की जुने पावती-पुस्तक अर्धे शिल्लक आहे, तेच वापरू का? वापरू नका. त्याच्या शेवटच्या वापरलेल्या पावतीनंतर आडवी रेघ मारून ‘३१ मार्च २०२६ अखेर’ असे लिहा, सही करा आणि ते निदान सात-आठ वर्षे जपून ठेवा. नवे पुस्तक क्रमांक १ पासून सुरू करा आणि सोबत दुसरे, देयकांचे, वेगळ्या रंगाच्या कागदाचे आणा, म्हणजे संध्याकाळी सहाला मुलांना न्यायला गर्दी झालेली असताना घाईतही हात चुकीच्या पुस्तकाकडे जाणार नाही.